मैनाईचं माहेर

पहिला फोन शाळेत आला. मधल्या सुट्टीत शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, हापिसात तुमचा फोन हाय." इंद्रायणी हातावरचा खडू झटकत गेली. घरून असेल, भावजयीला ओतूरच्या बाजारातून काही आणायला सांगायचं असेल, एवढंच तिच्या मनात होतं.

"इंद्रायणीबाई का?" आवाज तरुण होता. गोडही होता.

"हो, बोलतेय. कोण?"

"मैनाईचा बाप कोन, त्ये आता तुमी ठरवनार व्हय?"

तिला पटकन काही उमगलं नाही. कुणा जुन्या विद्यार्थ्याची चेष्टा असेल असं वाटून ती हसायच्या बेतात होती, तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "आन ती द्रौपदा म्हातारी. खालच्या वस्तीत, समाजमंदिराच्या शेजारी ऱ्हाती, असं छापलंय तुमी. बरं केलं बाई. आमाला हुडकायला नको."

फोन बंद झाला तरी ती रिसीव्हर कानाला धरूनच उभी राहिली. हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरी सगळं ठीक ना?"

"हो सर," ती म्हणाली आणि वर्गावर गेली. आठवीची मुलं माना वर करून बसली होती. फळ्यावर तिच्याच अक्षरात अर्धं वाक्य लिहिलेलं होतं. त्याच्या पुढं काय होतं, ते तिला काही केल्या आठवेना.

मैनाई म्हणजे कुंडवाडीची मैनाई. निजामशाहीत जुन्नरच्या बाजूला जे लहानमोठे सरदार होते, त्यांतल्या एकाची बायको. नवरा लढाईत पडला तेव्हा तिनं मागं सासरची गढी राखली, आणि मोठ्या दुष्काळात गावाच्या खालच्या अंगाला दगडी बारव बांधून ती सगळ्यांना मोकळी केली. सगळ्यांना म्हणजे खालच्या वस्तीलासुद्धा. इथवर कुणाचंच भांडण नव्हतं. मैनाईनं मोकळी केलेली बारव पुढं खालच्या वस्तीला बंद कधी झाली, हे मात्र गावात कुणी सांगत नसे.

भांडण होतं ते ती कुणाची लेक, याचं. बारवेच्या शिलालेखात तिच्या नवऱ्याचं नाव आहे, तिचं आहे, आणि जिथं तिच्या बापाचं नाव असायचं तिथं कधीकाळी कुणीतरी छिन्नी चालवून खड्डा पाडलेला आहे. कुंडवाडीच्या मोठ्या आळीतले जमीनदार म्हणायचे, ती आमच्या घरची लेक. डोंगरापलीकडं, आंबेगाव तालुक्यात, एक देशमुखांचं घर म्हणायचं, ती आमची. दर चैत्रात उत्सवाला ते जीप करून यायचे आणि माहेरची साडी म्हणून समाधीवर हिरवं पातळ घालून जायचे. मोठ्या आळीचे लोक ते पातळ त्यांच्या पाठीमागं काढून ठेवायचे. तिसरं म्हणणं खालच्या वस्तीचं होतं, आणि ते मोठ्यानं कुणी बोलत नसे.

इंद्रायणी स्वतः मोठ्या आळीची. नवरा लवकर गेला तेव्हा ती माहेरी भावाकडं परतली आणि ओतूरच्या शाळेत इतिहास शिकवू लागली. दोन हजार तीन सालच्या उत्सवात बारवेपाशी कमान उभारायची आणि स्मरणिका काढायची असं ठरलं, तेव्हा उत्सव कमिटीचा अध्यक्ष, तिचा चुलतभाऊ चिमाजी, आपण होऊन घरी आला. "आक्का, आपल्यात तुझ्याइतकं कोन शिकलंय? मैनाईवरचा लेख तूच लिव."

तिनं जीव ओतून लिहिला. शिलालेखाचा ठसा घेतला, देशमुखांकडं जाऊन आली, आणि खालच्या वस्तीत द्रौपदाबाईच्या अंगणातही जाऊन बसली. द्रौपदाबाई पंच्याहत्तरीच्या पुढची. ती अजून अधूनमधून बारवेवर जाऊन पायरीवर बसायची. "मी तिच्या पाया पडत न्हाई बरं का बाई," ती म्हणाली होती, "त्ये आमी छप्पन्न सालीच सोडलं. लेक हाय म्हनून बघाया जाते." तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं की बारवेच्याही आधीच्या एका दुष्काळात गावाच्या येसकराची, म्हणजे वेशीवरच्या राखणदाराची, बायको आपली तान्ही पोर मोठ्या आळीच्या गढीच्या दारात ठेवून गेली. गढीतल्या बाईला मूल नव्हतं. तिनं ती वाढवली. तीच मैनाई.

इंद्रायणीनं तिन्ही म्हणणी लिहिली. कोणतं खरं ते सांगता येत नाही, असंही लिहिलं. आणि कुणी काय सांगितलं ते नावानिशी, ठिकाणासकट दिलं. तसंच करायचं असतं, असं ती शिकली होती. ज्यांचं कुणी लिहीत नाही त्यांचं नाव आपण छापलं, याचा तिला अभिमानही वाटला होता.

चिमाजीनं लेख वाचला नाही. नारायणगावच्या प्रेसमधून स्मरणिका आली तेव्हा त्यानं फक्त टोमॅटोच्या व्यापाऱ्यांच्या आणि हार्डवेअरवाल्यांच्या जाहिराती पाहिल्या, स्वतःचा फोटो नीट छापलाय ना ते पाहिलं, आणि प्रती वाटून टाकल्या. वाचला तो दुसऱ्यांनी.

त्या आठवड्यात घरचा फोन सारखा वाजू लागला. कधी शिव्या यायच्या, कधी नुसता कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा, आणि ते जास्त वाईट होतं. एकदा भावजयीनं, अश्विनीनं, उचलला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. काय म्हणाले ते तिनं सांगितलं नाही. "वन्सं, उद्यापासनं तुमी एसटीनं नका जाऊ," एवढंच म्हणाली.

"मग कशानं जाऊ?"

अश्विनीनं रिसीव्हर काढून बाजूला ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी चिमाजी आला. जीपमधून चौघं उतरले, त्यांतले दोघं इंद्रायणीनं कधी पाहिले नव्हते. ते दोघं अंगणातच थांबले आणि गोठ्याकडं, विहिरीकडं, घराच्या मागच्या दाराकडं सावकाश बघत राहिले. चिमाजी आत येऊन बसला. सावळेरामनं, इंद्रायणीच्या धाकट्या भावानं, त्याला पाणी दिलं. देताना तांब्यातलं पाणी सतरंजीवर सांडलं.

"आक्का, मी तुला काय वाईट बोलनार न्हाई," चिमाजी म्हणाला. "पन हे आता आपल्या गावाचं ऱ्हायलं न्हाई. लांबलांबची पोरं पेटल्यात. म्हनत्यात, आमच्या मैनाईला खालच्या वस्तीची केली."

"मी केली नाही. तसं म्हणतात, एवढंच लिहिलं."

"त्येच. कोन म्हनतं? ती म्हातारी. मंग तू काय कर, परवा ऐतवारी बारवेवर सभा लावलीय. माईक आसंल. दोन वाक्यं बोलायची. म्हातारी खोटं बोलली आन मी फसले. झालं. इषय मिटला."

"आणि नाही बोलले तर?"

चिमाजीनं दाराबाहेर पाहिलं. अंगणातला एकजण मोटरसायकलच्या किल्लीनं दात कोरत उभा होता. चिमाजी खालच्या आवाजात म्हणाला, "आक्का, पोरं माझ्या हातात न्हाईत गं."

त्यानं हे धमकी म्हणून म्हटलं असतं तर तिला कमी भीती वाटली असती. पण तो खरं बोलत होता, ते तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

जीप गेल्यावर सावळेराम म्हणाला, "आक्का, बोलून टाक. घरात लेकरं हायती." बोलून टाकायची तिची स्वतःचीही तयारी होती. हे सगळं थांबावं यापलीकडं तिला काही नको होतं. फक्त ते पहिलं वाक्य तिला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं. म्हातारी खोटं बोलली.

शनिवारी सकाळची शाळा करून ती मधेच फाट्यावर उतरली आणि खालच्या वस्तीच्या वाटेला लागली. ती वाट उसातून जाते. एरवी दुपारीसुद्धा त्या वाटेनं बायका एकट्या जात नसत, कारण त्या सालात बिबट्यानं सगळ्या जुन्नर तालुक्याची झोप उडवली होती. उसाच्या कडेला वनखात्याचा पिंजरा लावलेला होता आणि आत बांधलेली शेळी ओरडून ओरडून दमली होती. इंद्रायणी पिंजऱ्याला वळसा घालून पुढं गेली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. वारा नव्हता, तरी पाचट मधेच वाजायचं. ती थांबली की ते थांबायचं.

मग मागून मोटरसायकलचा आवाज आला. इतका सावकाश की जणू गाडी कुणी ढकलत आणत होतं. तिनं मागं वळून पाहिलं. वळणावर दोघंजण गाडीवर बसलेले. ते पुढंही येईनात, मागंही जाईनात. ती भरभर चालू लागली, तशी गाडीही वेगानं येऊ लागली. तिला आधी पळावंसं वाटलं, आणि मग वाटलं, उसात शिरावं. आत बिबट्या असेल तर असो. जनावराला आपला लेख ठाऊक नाही, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं ती जास्तच घाबरली. पदर तोंडाशी धरून ती चालत राहिली. वस्तीचं समाजमंदिर दिसलं तेव्हा मागचा आवाज बंद झाला. त्यांना काही करायचं नव्हतं. ती कुठं जाते तेवढं त्यांना बघायचं होतं.

हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती द्रौपदाबाईच्या दारात उभी होती.

द्रौपदाबाईचा मुलगा पोपट अंगणात पाण्याची मोटर उघडून बसला होता. ओतुरात त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं वर पाहिलं, पण या म्हटलं नाही.

"पोपटभाऊ, उद्या सभा आहे. तुम्ही घरच्यांना घेऊन दोन दिवस कुठंतरी जा, हे सांगायला आले मी."

"कुठं जायाचं?" पोपट शांतपणे म्हणाला. "माझं घर हितं हाय. पोरगी नारायणगावला दवाखान्यात नर्स हाय, तिची डूटी हाय. म्हातारीला लांबचं चालवत न्हाई. सांगा, कुठं जाऊ?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"नाव छापायच्या आदी इचारलं व्हतं का तुमी? आईला न्हाई, निदान मला? आमाला त्या मैनाईचं काय बी नको बाई. आमी त्यातनं भाईर पडलोय. म्हातारीच्या जिवाला गोड वाटतं म्हनून ती बोलती. तुमी लेख लिवला, तुमचं नाव झालं. दगूड आमच्या पत्र्यावर."

"चुकलं माझं," ती म्हणाली. ते शब्द इतके तोकडे होते की ते बोलल्यावर तिला त्याच्याकडं बघवेना.

आतून द्रौपदाबाईनं हाक मारली. इंद्रायणी आत गेली. म्हातारी भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अंगणात ऐसपैस बसून बोलणारी ही बाई आज मुठीएवढी झाली होती.

"मी ल्हान व्हते तवा," ती म्हणाली, "माझ्या चुलत्यानं उन्हाळ्याचं बारवंतनं पानी घेतलं. लई आटलं व्हतं सगळं, पोरं तानेली. मंग आले की तुमच्या आळीचे. कडब्याची गंज पेटवली. आन दगडं. आईनं आमाला दान्याच्या कनगीच्या मागं बसवलं आन माझं त्वांड दाबून धरलं. कौलं फुटायचा त्यो आवाज हाय ना बाई, त्यो माझ्या कानातनं अजून गेला न्हाई."

मग तिनं इंद्रायणीचा हात धरला. म्हातारीचा हात गार होता.

"म्हना तुमी. म्हातारी खोटं बोलली म्हना. माझी काय आब्रू जातीय आता? घरात नातवंडं हायती."

इंद्रायणीच्या अंगावरून एकदम मोठं ओझं उतरलं. म्हणायला परवानगी मिळाली होती. तिला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची तिला तिथंच, म्हातारीच्या समोर, इतकी लाज वाटली की हात सोडवून घेऊन ती उठली. जाताना पोपट तिला मुख्य रस्त्यापर्यंत सोडायला आला.

रविवारी सकाळी सावळेराम तिला गाडीवर मागं बसवून बारवेवर घेऊन गेला. कमानीचं काम अर्धं झालं होतं, बांबूंची परांची तशीच होती. लोक तिच्या अंदाजापेक्षा फार जास्त होते. गावातले मागं, कडेकडेनं उभे होते. पुढं होती ती सगळी परकी तोंडं. कपाळाला पट्ट्या बांधलेली पोरं, हसत खिदळत, जत्रेला आल्यासारखी. दोन पोलीस लिंबाखाली खुर्च्या टाकून चहा पीत होते. डोंगरापलीकडचे देशमुखही आले होते, हिरव्या पातळाचं ताट घेऊन एका बाजूला अवघडून उभे होते.

माईककडं जाताना ती एका टेम्पोच्या शेजारून गेली. टेम्पो रस्त्याच्या कडेला लावलेला होता आणि त्याचं तोंड खालच्या वस्तीकडं होतं. मागच्या हौद्यात गोणपाट अंथरलेलं होतं, आणि गोणपाटाखाली काहीतरी ओबडधोबड ढीग होता. दोघंजण फळीला टेकून उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "आदी बाईचं हुंद्या. तिनं नाव घेतलं का मंग म्हातारीला बघू. खोटं बोलल्याची अद्दल घडंल."

इंद्रायणी तिथंच थांबली. सावळेरामनं कोपराला धरून तिला पुढं नेलं. ती चालत होती, पण चिमाजी माईकवर काय बोलतोय ते तिला ऐकू येत नव्हतं. म्हणजे हे असं होतं. तिनं ती दोन वाक्यं बोलली की विषय मिटणार नव्हता. ती दोन वाक्यं बोलली की टेम्पो सुरू होणार होता.

आणि नाही बोलली, तरीही होणार होता.

चिमाजीनं माईक तिच्या हातात दिला. माईकमधून खरखर ऐकू आली, तशी पुढची पोरं हसली. तिनं माईक दोन्ही हातांत धरला.

"मी स्मरणिकेत लिहिलं," ती म्हणाली, "की द्रौपदाबाईंनी मला मैनाईची गोष्ट सांगितली. ते खोटं आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. चिमाजीनं सुस्कारा सोडलेला तिला शेजारी ऐकू आला.

"द्रौपदाबाईंनी मला काहीच सांगितलं नाही. ती गोष्ट मी रचली. लेख रंगावा म्हणून मी माझ्या मनानं रचली, आणि त्यांना न विचारता त्यांचं नाव घातलं. त्या बाईला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही."

टाळ्या थांबल्या. क्षणभर कुणालाच कळेना की आता चिडायचं कुणावर. टेम्पोपाशी टेकलेले दोघं सरळ उभे राहिले.

"रचली?" कुणीतरी ओरडलं.

"हो. मी रचली."

"आपल्याच आळीची आसून!"

मग ते सगळं तिच्याकडं आलं. पहिल्यांदा चप्पल आली, ती चिमाजीला लागली. बांबू हलले. कुणीतरी तिच्या हातातला माईक ओढला. सावळेराम मधे पडला, त्याला बाजूला भिरकावून दिलं. तिच्या डोक्यावर काहीतरी जाड, कोमट ओतलं गेलं. ते डोळ्यांत, नाकात, तोंडात गेलं, आणि वासावरून तिला कळलं की हे ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आहे. तिला वाटलं, आता काडी ओढतील. ती खाली बसली, डोकं गुडघ्यांत घातलं, आणि वाट बघत राहिली. वरून चिमाजीचा आवाज ऐकू येत होता. "आरं थांबा! बाईमानूस हाय, थांबा की रं!" त्याचा आवाज फुटला होता आणि कुणीही त्याचं ऐकत नव्हतं.

काडी कुणी ओढली नाही. पोलिसांनी शेवटी खुर्च्या सोडल्या, तिला उचलून जीपमध्ये घातलं. डोळे चोळता चोळता तिला जीपच्या काचेतून धूसर दिसलं, की टेम्पोवाली पोरं शिट्ट्या मारत हौद्यात चढतायत. टेम्पो सुरू झाला, मागं आला, वळला, आणि मोठ्या रस्त्याला, नारायणगावच्या दिशेनं, निघून गेला.

तिच्या केसांतलं ऑइल निघेना. अश्विनीनं रॉकेल लावलं, शिकेकाई लावली, आणि शेवटी कात्री घेतली. केस कापताना अश्विनी रडत होती. इंद्रायणी रडली नाही. बाहेर एखादी गाडी थांबते का, याच्याकडं तिचा कान होता.

वस्तीवर दगड पडला नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही. पण स्वतःच्या मनानं इतिहास रचणाऱ्या बाईंनी मुलांना इतिहास शिकवावा का, असं पालक विचारू लागले, आणि संस्थेनं तिची बदली आंबेगावच्या अंगाला एका लांबच्या शाळेत केली. तिथं तिला भूगोल दिला. कमान पुरी झाली, आणि मैनाईचा बाप म्हणून चिमाजीच्या पूर्वजाचं नाव संगमरवरावर आलं. ते वाचून देशमुखांनी पातळ आणणं बंद केलं. चिमाजी वाटेत भेटला तर खाली बघून जायचा. उत्सवाच्या नावानं गोळा झालेली ती पोरं पुन्हा गावात कुणाला दिसली नाहीत, तरी इंद्रायणीची भीती गेली नाही. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून भिंतीपाशी जाऊन उभी राहायची, आणि तो वाजायचा थांबेपर्यंत तशीच राहायची.

पुढच्या माघात नारायणगावच्या स्टँडवर पोपटची मुलगी स्नेहा तिला भेटली. नर्सचा पांढरा ड्रेस, वरून स्वेटर. "बाई, आजीनं बोलावलंय," ती म्हणाली. "तिचे आता फार दिवस नाहीत. रोज तुमचं नाव काढते."

इंद्रायणी गेली. ऊस तुटून गेला होता, दोन्हीकडं रानं मोकळी पडली होती, लांबवरचं दिसत होतं. पोपटनं या म्हटलं. आत द्रौपदाबाई खाटेवर होती. हाडं राहिली होती नुसती, पण डोळे जागे होते. स्नेहानं चहा ठेवला आणि ती अंगणात गेली.

"तुमचं क्यास," म्हातारी म्हणाली.

"वाढतायत आता."

"माझी नातवंडं सुखरूप हायती ती तुमच्यापायी. पोपटनं सांगितलं मला त्या टेम्पूचं." ती थांबली, श्वास घेतला. "पन बाई, मला लई लागलं त्ये. तुमी मला खोटारडी म्हनला असता तर चाललं असतं. मीच म्हनले व्हते, म्हना. खोटारडी बाई निदान बोललेली तरी आसती. तुमी म्हनलात मी बोललेच न्हाई. मंग माझ्या सासूनं मला सांगितलं, तिच्या सासूनं तिला, त्ये समदं कुठं गेलं?"

सभेचा विचार इंद्रायणीनं हजार वेळा केला होता, पण या बाजूनं कधी केला नव्हता. "मला दुसरं काही सुचलं नाही, मावशी. मी फार घाबरले होते."

"मी बी घाबरलेच व्हते की. तवा न्हाई, त्येच्या बी आदी." द्रौपदाबाईनं तिला जवळ बसायची खूण केली. "तुमी वही घिऊन बसला व्हता. मोठ्या आळीची बाई, हातात पेन. मला वाटलं, समदं सांगितलं तर लिवून घेतील. म्हनून मी मऊ करून सांगितलं."

"मऊ म्हणजे?"

"येसकराच्या बायकूनं लेक दारात ठिवली, असं सांगितलं ना मी तुमाला? कुनी ठिवतं व्हय आपली लेक दुसऱ्याच्या दारात?" म्हातारीचा आवाज इतका खाली गेला की इंद्रायणीला वाकावं लागलं. "गढीत मूल न्हवतं असं बी न्हाई. त्येंची लेक व्हती. सोयरीक ठरलेली, मोठ्या सरदाराच्या घरी. ती तापानं गेली. सोयरीक मोडली तर गढी जानार. मंग तसल्याच वयाची, तसल्याच रंगाची पोर हुडकली. दिली न्हवती बाई. नेली व्हती."

इंद्रायणीनं हातातला चहा खाली ठेवला.

"तिच्या आयचं नाव राही. बापाचं नाव आमाला बी ठावं न्हाई, तुमी समदे त्येच्यासाठी भांडता, पन आयचं नाव आमच्यात हाय. ती रोज गढीच्या दारात जाऊन बसायची. मंग एक दिस दिसंना. गढीच्या मागं आड व्हता. त्यो त्याच दिसात बुजवला."

बाहेर स्नेहा कुणाशी तरी बोलत होती, पोपटच्या हातोडीचा आवाज येत होता. लख्ख दुपार होती. इंद्रायणीनं छापली होती ती मऊ गोष्ट. त्या मऊ गोष्टीसाठी टेम्पो आला होता. ही गोष्ट बाहेर पडली असती तर काय झालं असतं, याचा विचार तिनं करून पाहिला आणि तो तिला पुरा करता येईना.

"आमची लेक ती," द्रौपदाबाई म्हणाली. "तिला मोठी झाल्यावर कळलं. कुनी सांगितलं, कसं सांगितलं, त्ये बी आमच्यात हाय. लिवू नका. पन ऐकून ठिवा. पोपट ऐकत न्हाई, आन पोरगी ऐकती पन तिला येळ न्हाई."

इथून उठून जावं, हे कानावरच घेऊ नये, असं इंद्रायणीला फार फार वाटलं. ती उठलीही. दारापाशी गेली, बाहेर एकदा पाहिलं, आणि दार लोटून आतून कडी घातली.

मग ती परत येऊन खाटेच्या कडेला बसली.

"सांगा, मावशी," ती म्हणाली.